अंगावरची चटचट, आभाळातली वीज आणि फ्रिजवरचं चुंबक: या तिन्हींमागे एकच गोष्ट कशी?

हिवाळ्यात अंगातून स्वेटर काढला की चटचट आवाज येतो. खोलीत अंधार असेल तर बारीक ठिणग्याही दिसतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की कधीकधी बोटाला चटका बसतो. दुसरीकडे फ्रिजच्या दारावरचं चुंबक वर्षानुवर्षं तिथेच चिकटलेलं असतं. त्याला घासावं लागत नाही आणि त्याचा चटकाही बसत नाही.

वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. शाळेच्या पुस्तकातही त्यांचे धडे वेगवेगळे असतात. पण दोन्हींच्या मुळाशी आहे तो विद्युतप्रभार. हा प्रभार एका जागी साठून राहिला की त्याला आपण स्थितिक विद्युत म्हणतो. तोच प्रभार वाहू लागला की त्याच्याभोवती चुंबकत्व तयार होतं.

ही माहिती फक्त परीक्षेपुरती नाही. वीज पडून माणसं का दगावतात, पेट्रोल पंपावर काय काळजी घ्यायची आणि एमआरआयच्या खोलीत लोखंडी वस्तू का न्यायची नाही, या सगळ्याची उत्तरं याच भौतिकशास्त्रात आहेत.

प्रभार म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असतो. अणूच्या मधोमध असलेल्या केंद्रकात धनप्रभारित प्रोटॉन असतात, तर बाहेर ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. दोघांची संख्या सारखी असते तेव्हा हिशेब शून्यावर येतो आणि ती वस्तू प्रभारहित असते. आपल्या आजूबाजूच्या बहुतेक वस्तू अशाच असतात.

प्रभारांचा नियम सोपा आहे. सजातीय प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात. हे बल अंतरानुसार कसं बदलतं, हे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कूलोम यांनी १७८५ मध्ये मोजून दाखवलं. अंतर दुप्पट केलं तर बल एक चतुर्थांश होतं, तिप्पट केलं तर एक नवमांश.

घासल्यावर वीज तयार होते का?

कंगवा केसांवर घासला की वीज 'तयार होते', असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात नवीन काहीच तयार होत नाही. काही पदार्थ आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतात, काही सहज सोडून देतात. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले आणि मग दूर झाले, की एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. घासल्यामुळे जास्तीत जास्त भाग एकमेकांना टेकतो, एवढंच.

केसांमधले इलेक्ट्रॉन प्लॅस्टिकच्या कंगव्याकडे गेले की कंगवा ऋणप्रभारित होतो आणि केस धनप्रभारित. प्रत्येक केसावर सारखाच प्रभार असल्याने केस एकमेकांपासून दूर पळतात, म्हणजे उभे राहतात.

मग कागदाचे कपटे कंगव्याकडे का ओढले जातात? त्यांच्यावर तर प्रभार नसतो. इथे गंमत अशी की, ऋणप्रभारित कंगवा जवळ येताच कागदातल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन किंचित दूर सरकतात. त्यामुळे कागदाची कंगव्याकडची बाजू थोडी धन आणि पलीकडची थोडी ऋण होते. धन बाजू कंगव्याला जवळ असल्याने आकर्षण जास्त ठरतं आणि कपटा उडी मारून चिकटतो. टीव्हीच्या पडद्यावर आणि पंख्याच्या पात्यांवर धूळ बसण्यात याच परिणामाचाही वाटा असतो.

हा अनुभव फार जुना आहे. तृणमणी म्हणजे अंबर घासला की तो गवताच्या काड्या ओढतो, हे त्याच्या नावातच आलं आहे. ग्रीक लोक अंबरला 'इलेक्ट्रॉन' म्हणत. पुढे 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द त्यावरूनच आला. मराठीत मात्र आपण तारेतून येणाऱ्या शक्तीला आभाळातल्या विजेचंच नाव दिलं. विशेष म्हणजे अंबर आणि आभाळ ही दोन्ही उदाहरणं स्थितिक विद्युतचीच आहेत.

चटका हिवाळ्यातच जास्त का बसतो?

पावसाळ्यात हवा दमट असते. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि साठलेला प्रभार त्यावरून हळूहळू निघून जातो. कोरड्या हवेत ही वाट बंद होते आणि प्रभार साठत जातो. म्हणूनच समुद्रकाठच्या मुंबईपेक्षा कोरड्या हवेच्या गावांमध्ये हिवाळ्यात हे चटके जास्त जाणवतात. सिंथेटिक कपडे आणि रबरी तळव्यांच्या चपला यात भर घालतात, कारण दोन्ही विद्युतरोधक आहेत.

हा चटका जाणवतो तेव्हा शरीर आणि कडी यांच्यातला विद्युतदाब साधारण ३,००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतो. कोरड्या दिवशी तो १०,००० व्होल्टच्या पुढेही जातो. घरातला पुरवठा २३० व्होल्टचा असूनही जीवघेणा ठरतो, मग १०,००० व्होल्टने आपल्याला काहीच कसं होत नाही?

याचं उत्तर आहे, साठा. १०,००० व्होल्टला आपल्या शरीरावर साधारण एक मायक्रोकुलोम प्रभार असतो. म्हणजे जवळपास सव्वासहा लाख कोटी इलेक्ट्रॉन! आकडा प्रचंड वाटतो, पण ९ वॅटच्या एलईडी बल्बमधून एवढे इलेक्ट्रॉन एका सेकंदाच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागात निघून जातात. चटका बसताच साठा संपतो. घरातल्या तारेमागे मात्र अख्खं वीजकेंद्र असतं, त्यामुळे तिथला प्रवाह थांबत नाही.

आपल्याला न जाणवणारा चटका काही वस्तूंना मात्र सोसत नाही. कॉम्प्युटरमधल्या नाजूक चिप शंभर व्होल्टच्या आतल्या झटक्यानेही निकामी होऊ शकतात. म्हणून दुरुस्ती करणारे मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतात.

पेट्रोल पंपावर धोका कुठे असतो?

बोटाला बसणाऱ्या जोरदार चटक्यात सुमारे पाच मिलिजूल ऊर्जा असते. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिजूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते.

नळीतून वेगाने वाहणारं इंधनही घर्षणामुळे प्रभारित होतं. म्हणून टँकरमधून इंधन उतरवण्याआधी टँकर तारेने जमिनीशी जोडला जातो, यालाच अर्थिंग म्हणतात. सुटं पेट्रोल भरताना डबा गाडीच्या डिकीत किंवा सीटवर ठेवू नये. तो जमिनीवर ठेवूनच भरावा, म्हणजे प्रभार साठून राहण्याची शक्यता कमी होते. स्वतः नोझल हाताळणार असाल, तर गाडीतून उतरल्यावर आधी गाडीच्या धातूच्या भागाला हात लावावा आणि भरणं सुरू असताना पुन्हा आत जाऊन बसू नये. सीटवर घासल्याने अंगावर नव्याने प्रभार साठतो.

ढगात वीज कशी साठते?

आता हाच खेळ काही किलोमीटर उंचीच्या ढगात होतोय, अशी कल्पना करा. वादळी ढगात बर्फाचे हलके स्फटिक आणि त्याहून जड असे मऊ गारांचे दाणे एकमेकांवर आदळत असतात. या टकरीत स्फटिक धनप्रभारित होऊन वाऱ्याबरोबर वर जातात, तर ऋणप्रभारित झालेले जड दाणे खाली राहतात. ढगाच्या खालच्या भागात ऋणप्रभार साठतो. त्याच्या परिणामाने खाली जमिनीवर धनप्रभार जमा होतो, अगदी कंगव्याजवळच्या कागदासारखा.

हवा एरवी विद्युतरोधक असते. पण विद्युतदाब काही कोटी व्होल्टपर्यंत वाढला की हवेची सहनशक्ती संपते आणि साठलेला प्रभार जमिनीकडे झेपावतो. यावेळी साधारण ३०,००० अँपिअरचा प्रवाह वाहतो. वाटेतली हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या हे पाचपट आहे. तापलेली हवा स्फोटासारखी प्रसरण पावते, तोच कडकडाट.

आभाळातली वीज आणि घासल्याने दिसणारी ठिणगी एकच आहे, हे बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात मांडलं. त्यांचा १७५२ मधला पतंगाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. तो कोणीही करून पाहू नये. इमारतींवर दिसणारा तडितरक्षक ही त्याच विचाराची देणगी. तो विजेला सुरक्षित वाट देऊन जमिनीत पोहोचवतो.

वीज पडण्यापासून वाचायचं कसं?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. नैसर्गिक आपत्तींमुळे त्या वर्षी झालेल्या मृत्यूंपैकी हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होतं. महाराष्ट्रात वळवाच्या आणि परतीच्या पावसात, विशेषतः मराठवाडा आणि विदर्भात, शेतात काम करणाऱ्यांना हा धोका मोठा असतो.

• आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. हे अंतर ३० सेकंदांहून कमी असेल तर लगेच आसरा घ्यावा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये.

• झाडाखाली थांबू नये. उंच झाडावर वीज पडली की ती शेजारी उभ्या माणसावर उडी घेऊ शकते. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या जमिनीतूनही प्रवाह पसरतो.

• पक्की इमारत किंवा धातूचं छप्पर असलेली बंद गाडी सुरक्षित. गाडीत आपण वाचतो ते टायरच्या रबरामुळे, हा गैरसमज आहे. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला काही इंचांचं रबर अडवू शकत नाही. प्रवाह गाडीच्या धातूच्या सांगाड्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जातो, म्हणून आतले लोक वाचतात.

• मोकळ्या शेतात अडकलात तर पाय जुळवून, डोकं खाली घालून उकिडवं बसावं. आडवं झोपू नये. पाय फाकलेले असतील किंवा शरीर जमिनीवर पसरलेलं असेल, तर जमिनीतून जाणारा प्रवाह अंगातून वाहण्याचा धोका वाढतो.

• वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नये. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर छातीवर दाब देण्याचा प्रथमोपचार लगेच सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्या काही मिनिटांत मदत मिळाली तर जीव वाचू शकतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याची शक्यता असल्यास इशारा देतं.

मग चुंबकाचं काय?

चुंबकही ओढतं आणि ढकलतं. म्हणून अनेक शतकं लोकांना अंबर आणि चुंबक एकाच जातीचे वाटत. कणादांच्या वैशेषिक सूत्रांमध्ये चुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचा उल्लेख आहे आणि त्याचं कारण 'अदृष्ट' असं दिलं आहे. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली लिहिलेल्या ग्रंथात या दोन्हींमधला फरक नीट मांडला. पृथ्वी हेच एक मोठं चुंबक आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

फरक साधे आहेत. घासलेला कंगवा कागद, केस, धूळ असं काहीही ओढतो. चुंबक प्रामुख्याने लोखंड, निकेल आणि कोबाल्टलाच ओढतं. कंगव्यावरचा प्रभार काही वेळात निघून जातो, चुंबक मात्र टिकतं. आणि धनप्रभार व ऋणप्रभार वेगळे करता येतात, पण चुंबकाचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव वेगळे करता येत नाहीत. चुंबक मधोमध तोडलं तर दोन्ही तुकड्यांना पुन्हा दोन-दोन ध्रुव मिळतात.

या दोन्हींमधला दुवा डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांना १८२० मध्ये सापडला. तारेतून विद्युतप्रवाह सोडताच शेजारच्या होकायंत्राची सुई हलते, हे त्यांच्या लक्षात आलं. थांबलेल्या प्रभाराने सुई हलत नव्हती. वाहणाऱ्या प्रभाराने हलत होती. पुढे १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी उलट बाजू दाखवली: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवलं की तारेत प्रवाह वाहतो. आज जलविद्युत आणि औष्णिक केंद्रांमधली जनित्रं याच तत्त्वावर चालतात.

फ्रिजवरच्या चुंबकात कोणता प्रवाह वाहतो?

तार नाही, बॅटरी नाही, तरी ते चुंबक आहे. कारण प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. इलेक्ट्रॉनच्या या अंगभूत गुणधर्माला 'स्पिन' म्हणतात. नाव तसं असलं तरी इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नसतो. बहुतेक पदार्थांत हे चिमुकले चुंबक जोडीजोडीने एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. लोखंडात मात्र ते गटागटाने एका दिशेला तोंड करतात. साध्या खिळ्यात या गटांच्या दिशा वेगवेगळ्या असतात. चुंबक जवळ आणलं की त्या जुळतात आणि खिळा ओढला जातो.

घरातलं एक उदाहरण पाहू. काही स्टीलच्या भांड्यांना चुंबक चिकटत नाही. म्हणजे भांडं खोटं, असं नव्हे. निकेलचं प्रमाण जास्त असलेल्या स्टीलमध्ये अणूंची रचनाच वेगळी असते. मात्र असं भांडं इंडक्शन शेगडीवर बहुधा चालत नाही, कारण या शेगडीला चुंबक चिकटेल असा तळ लागतो. नवं भांडं घेताना तळाला चुंबक लावून बघणं ही सोपी परीक्षा आहे.

ट्राममुळे वेधशाळा अलिबागला का गेली?

वाहणारा प्रभार चुंबकत्व निर्माण करतो, याचा एक दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या उद्रेकातून प्रभारित कणांचा लोंढा पृथ्वीवर आदळला, तेव्हा चुंबकीय क्षेत्रात झालेली सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण कुलाब्यात नोंदवली गेली. त्या वादळाने युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांमधून ठिणग्या उडाल्या होत्या. ती नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या तारांमधून आणि रुळांमधून वाहणाऱ्या प्रवाहाचं चुंबकत्व वेधशाळेची नाजूक उपकरणं बिघडवणार होतं. तेव्हाचे संचालक डॉ. नानाभॉय मूस यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. १९०४ मध्ये तिथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला दगड वापरला गेला आणि लोखंड टाळलं गेलं. जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप घेतलं गेलं. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे.

अशा नोंदींचा उपयोग काय? मार्च १९८९ मध्ये अशाच एका सौर वादळाने कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातली वीज सुमारे नऊ तास घालवली होती. चुंबकीय क्षेत्रातले बदल सतत मोजले, तरच अशा वादळांचा अंदाज घेता येतो.

चुंबक धोकादायक असू शकतं का?

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फार क्षीण आहे. ठिकाणानुसार ते साधारण ३० ते ६० मायक्रोटेस्ला असतं. रुग्णालयांमधली एमआरआय यंत्रं सहसा १.५ किंवा ३ टेस्लाची असतात, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहूनही जास्त. अशा खोलीत लोखंडी वस्तू नेली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी यंत्राकडे झेपावते. मुंबईत जानेवारी २०१८ मध्ये एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचं सिलिंडर नेल्याने झालेल्या अपघातात एका तरुणाचा जीव गेला होता.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे तपासणी सुरू नसली तरी या यंत्रातलं चुंबक चालूच असतं. त्यातल्या अतिवाहक वेटोळ्यांमध्ये प्रवाह अखंड फिरत राहतो. त्यामुळे रुग्णाबरोबर जाणाऱ्यांनीही चाव्या, नाणी, केसांच्या पिना, चाकाची खुर्ची अशा वस्तू बाहेरच ठेवायच्या असतात. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर तो आधीच सांगायचा असतो.

घरी काय करून बघता येईल?

नळाची धार अगदी बारीक सोडा, कोरड्या केसांवर प्लॅस्टिकचा कंगवा घासा आणि धारेजवळ न्या. धार कंगव्याकडे वाकते. ही थांबलेल्या प्रभाराची करामत.

मग एका लोखंडी खिळ्याभोवती लाखेचा मुलामा असलेल्या तांब्याच्या तारेचे पन्नासेक वेढे द्या. दोन्ही टोकांवरचा मुलामा खरवडून ती टोकं टॉर्चच्या साध्या सेलला काही सेकंद जोडा. खिळा टाचण्या उचलू लागतो. तार काढली की बहुतेक टाचण्या गळून पडतात. ही वाहणाऱ्या प्रभाराची करामत. तार लवकर तापते, म्हणून जास्त वेळ जोडून ठेवू नका. आणि यासाठी फक्त टॉर्चचा सेल वापरा, भिंतीतला प्लग कधीही नाही.